डाव्या खांद्याचं माप

११ फेब्रुवारी १९८६, जैनथ

ही वही कायमच्या गिऱ्हाइकांची आहे. पुढून मापं लिहिलेली. छाती, पोट, बाही, खांदा, कोणाची मान आखूड, कोणाला खिसा खोल लागतो, सगळं. आज ती मागच्या बाजूनं उघडली आणि लिहायला बसलो. दुकानात दुसरं कुणी या वहीला हात लावत नाही आणि राहीला माझं अक्षर लागत नाही. इथं लिहिलेलं इथंच राहील.

काल नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात दिला. दोष माझा आहे. शुक्रजंतू एकही नाही. सोळाव्या वर्षी मला गालगुंड झालं होतं. आधी गाल सुजले, मग सूज खाली उतरली आणि पंधरा दिवस धड चालता येत नव्हतं. तेव्हाच सगळं गेलं असणार, असं बाई म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली. आठ वर्षं आई राहीला जे जे बोलली, ते सगळं मला बोलायला हवं होतं.

बाईंनी विचारलं, भाऊ आहे का? नाही म्हटलं. असता तरी नाहीच म्हटलं असतं. मग त्या म्हणाल्या, दुसऱ्या पुरुषाचं वीर्य वापरून तुमच्या बायकोला दिवस राहू शकतात. त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं त्याला कळणार नाही. रंग, उंची, रक्ताचा गट तुमच्याशी जुळता बघून घेऊ. मी विचारलं, माणूस कुठला असतो? म्हणाल्या, "आपल्याच भागातला समजा."

हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो. आपल्याच भागातला म्हणजे कुठला? भाग केवढा धरायचा?

घराबाहेर ही गोष्ट फक्त माणिकराव मास्तरला माहीत आहे. तो इथल्या मराठी शाळेत शिकवतो, आम्ही लहानपणापासून बरोबर. बाईंचा पत्ता त्यानंच आणून दिला. कुठून आणला ते मी तेव्हा विचारलं नाही.

२ मार्च

तीन आठवडे मी काहीच बोललो नाही. आज राहीनंच विषय काढला. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी नाही म्हनाल तं नाही. माहा हट्ट नाही. पन मंग आईले सांगा का दोष कोनाचा हाय. मी आता आयकून नाही घेनार."

मी म्हटलं, करू. लगेच म्हटलं. मूल हवं म्हणून हो म्हटलं की आईला सांगायला नको म्हणून, हे मलाच नक्की सांगता येत नाही.

२२ एप्रिल

काल नागपूरला झालं. मास्तर बरोबर आला होता. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून मीच त्याला बोलावलं.

राहीला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. तिथं औषधाचा उग्र वास होता. थोड्या वेळानं माझ्या डोळ्यात काही तरी कचरा गेला. मी रुमाल काढला, तेवढ्यात मास्तर उठला आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेला. अर्ध्या तासानं आला तो हातात केळी घेऊन. केळ्यांची गाडी दवाखान्याच्या फाटकासमोरच होती. चार केळ्यांना अर्धा तास लागतो का?

निघताना बाईंनी आम्हा दोघांना जवळ बसवलं आणि सांगितलं, घरी गेल्यावर आज नवरा-बायकोसारखे एकत्र राहा, मग नक्की काय झालं हे देवालाही सांगता यायचं नाही. कागद आम्ही ठेवत नाही. मूल झालं की ते तुमचं, आम्हाला विसरून जा. परतीच्या बसमध्ये राही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मास्तर पुढच्या सीटवर होता. त्यानं आदिलाबाद येईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

३० मे

राहीला दिवस राहिले. आईनं औंढ्याच्या नागनाथाला नवस केला होता. नागनाथ पावला म्हणून ती घरोघर गूळ वाटून आली. राही तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

१६ जानेवारी १९८७

सोमवारी आदिलाबादच्या दवाखान्यात मुलगा झाला. नाव नागनाथ ठेवायचं, ते आईनं आधीच ठरवून टाकलंय.

पोर हातात दिलं तेव्हा काय वाटलं ते खरं लिहितो. भीती वाटली. हे कोण आहे, असं वाटलं. मग त्यानं माझं बोट धरलं आणि तसंच झोपलं. मी तासभर हात हलवला नाही. आनंद म्हणतात तो हाच असेल तर मला तो झाला.

संध्याकाळी मास्तर आला. पाळण्यात वाकून म्हणाला, "कपायाले आठी पाहा ना देवाजी. अगदी तुह्यासारखी."

असं तो का म्हणाला असेल? त्याला तर सगळं माहीत आहे. माहीत असताना माणूस असं कशाला म्हणेल?

२३ ऑगस्ट १९८९

आज औषध कंपनीचा एक फिरता माणूस पँटची उंची कमी करायला आला. बोलता बोलता मी विचारलं, नागपूरला दुसऱ्याचं वीर्य वापरून मूल देतात म्हणे, ते साठवून ठेवतात का? तो म्हणाला, टाक्यांत गोठवून ठेवायची सोय मोठ्या शहरांत एखाद्या ठिकाणी असेल. त्या छोट्या दवाखान्यांत सगळं ताजंच. तासाभरात वापरावं लागतं, म्हणून तो माणूस तिथंच असावा लागतो.

पँट उंचीला एक इंच जास्तच कापली गेली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी तो त्याच इमारतीत होता. माझ्या समोरून गेला असेल. जिन्यावर कोण कोण दिसलं ते दिवसभर आठवत बसलो. एक कंपाउंडर. दुधाचं भांडं घेतलेला एक म्हातारा. दोन बायका. आणि मास्तर.

राही जेवायला वाढताना माझी कॉलर ओढून सरळ करत होती. तिला ती सवयच आहे, येता-जाता ओढते. आज मी तिचा हात झटकला. ती म्हणाली, "शर्ट जुन्या मापाचा झाला तुमचा. नवीन माप घ्या की." मी म्हटलं, शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नसतं. टेप बघायला मान वाकवली की माप बदलतं. हे मला महबूब उस्तादांनी आदिलाबादला त्यांच्या दुकानात पहिल्याच महिन्यात शिकवलं. म्हणून मी माझे सगळे शर्ट उस्तादांनी लग्नात शिवून दिलेल्या शर्टावरून कापतो. कधी तक्रार आली नाही. कॉलर ओढणं हे राहीचं खूळ आहे.

१८ ऑक्टोबर १९९२

तीन वर्षं लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे बरं चाललं होतं. मागच्या वर्षी आई गेली. शेवटपर्यंत नातवाचं नाक त्याच्या आजोबांवर गेलंय म्हणत होती.

दिवाळीची गर्दी आहे. नागू दिवसभर दुकानात असतो. मशीनच्या डाव्या बाजूला त्याचं पोतं अंथरलेलं, तिथं बसून चिंध्या कापतो. दोरा दातानं तोडतो, मी तोडतो म्हणून. चिंध्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून 'कपडा आला, कपडा आला' म्हणत अंगणात फिरतो. मी दर मंगळवारी आदिलाबादहून कापडाचा गठ्ठा आणतो, ते त्यानं पाहिलंय. त्याच्या या असल्या खेळांनी कामात फार खोळंबा होतो.

आज त्याच्या दिवाळीच्या शर्टाचं माप घेतलं. कमरेपासून खांद्याच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावला. डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.

तीनदा घेतलं. अर्धा इंचच. नागू ताठ उभा राहून विचारत होता, "बाबा, मी केवढा झालो?"

माणसाचा चेहरा फसवतो. नाक कोणालाही कोणासारखं दिसतं. पण टेप कोणाची भीड धरत नाही.

२० ऑक्टोबर

दुकान बंद ठेवून वही पुढून वाचून काढली. डावा खांदा खाली असलेली अकरा माणसं निघाली. सहा जण साठीच्या पुढचे, ते सोडले. उद्धवराव कुंभार शहाऐंशी सालाच्या आधीच वारला. एक जण लंगडतो, त्याचं सगळंच डावं अंग खाली आहे. स्टँडवरचा हमाल त्या वर्षी मंचेरियलला कोळशाच्या कामावर होता. केशवराव किराणावाला उभ्या जन्मात नागपूरला गेलेला नाही, हे तो स्वतःच दहा वेळा सांगतो.

अकरावं नाव पान पंचेचाळीसवर आहे. माणिकराव मास्तर. छाती छत्तीस, बाही तेवीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, भराव घालणे. अक्षर माझंच आहे. गेली बारा वर्षं त्याच्या डाव्या खांद्याखाली कापडाचा भराव घालतोय मी, लोकांना दिसू नये म्हणून.

अर्धा तास. चार केळी.

९ फेब्रुवारी १९९३

मास्तरला शर्टाचं कापड भेट दिलं आणि नवीन माप घेतो म्हणून बोलावलं. बिचारा खूश झाला. म्हणजे बिचारा कसला. तसाच उभा राहिला, डावा खांदा खाली टाकून. मी म्हटलं, "मास्तर, हा खांदा जन्मापासून असाच का?"

"कोनाले मालूम. तूच सांगतं असा हाय म्हनून. मले तं कई दिसला नाही."

तेवढ्यात नागू आला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोन खांदे, एकाच बाजूला उतरलेले. मास्तरनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय टेलरसाहेब, शायेत कवा येता?" मी माप चुकीचं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

५ एप्रिल

आज स्टँडवर चहावाला सगळ्यांसमोर म्हणाला, "टेलर, पोरगा मांगून येऊन राह्यला तं वाटलं तुमीच येऊन राह्यले." लोक हसले. मी चहा तसाच टाकून आलो.

मागच्या आठवड्यात रेणुकाबाई भाजीवालीही हेच म्हणाली. परवा नाकर्त्या जावयाची पँट घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली, थेट बाप हाय. इतक्या लोकांना एकच टोमणा कसा सुचतो? कोणी तरी बोललंय. तोंड कोणाचं असेल ते मला माहीत आहे.

८ जून

शाळा सुरू होते आहे. मागच्या वर्षी लहान आहे म्हणून नागूला घरी ठेवला होता. या वर्षी काय सांगू? गाव आंध्रात, मराठी शाळा एकच आणि दाखल्याचं रजिस्टर मास्तरच्या हातात. 'वडिलांचे नाव' या रकान्यात तो स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिणार आणि मी समोर उभा राहून बघायचं. माझ्यानं हे होणार नाही.

राहीला म्हटलं, याला तेलुगू शाळेत घालू. ती म्हणाली, "घरात तेलुगूचा एक शबुद नाही अन् पोराले तेलुगू शायेत? काऊन?" मी काही कारण दिलं. कोणतं ते आता आठवतही नाही.

१० जून

आज मास्तर स्वतः दुकानात आला. पोराला का पाठवत नाही म्हणाला. मी कात्री खाली ठेवली आणि विचारलं. सात वर्षं मनात साठलेलं एका दमात विचारलं. त्या दिवशी बाकावरून उठून तू अर्धा तास कुठं गेला होतास?

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला प्रश्न कळला, प्रश्नाच्या मागचाही कळला. मग खाली बघत म्हणाला, "तू रडून राह्यला होता देवाजी. हमसून हमसून. दोस्ताच्या पुढं रडला याची तुले मंग लाज वाटली असती. म्हनून मी खाली गेलतो. वर येऊन पाह्यलं, तू रडतच होता. पुन्यांदा खाली गेलो. केयी तं मंग घेतली, हात रिकामा दिसू नये म्हनून."

बाहेर पडताना भेटीचा शर्ट पिशवीतून काढून त्यानं टेबलावर ठेवला.

गोष्ट चांगली रचलीय. मी रडलो नव्हतो. डोळ्यात कचरा गेला होता, तेव्हा लिहूनही ठेवलंय.

१२ जून

राहीला सगळं बोललो. खांद्याचं, वहीचं, मास्तरचं. तू सामील होतीस का, हेही विचारलं. हे विचारायला नको होतं असं लिहितानाच वाटतंय. पण विचारलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पेटीतून दोन लुगडी काढली, पिशवीत भरली. मी म्हटलं, नागूचे कपडे? ती म्हणाली, "त्याले नाही नेत. मी नदीपल्याड भावाकडं जातो. पोरगा तुमच्यापाशी राहीन. तुमाले तो तुमचा वाटत नाही ना? मंग बसा मापत. आठ दिवसांत नाही उलगडलं, तं मी येऊन त्याले घेऊन जाईन, अन् मंग या घराची पायरी आमी दोघं चढनार नाही."

बस सुटेपर्यंत नागू हात हलवत होता. राही खिडकीतून त्याच्याचकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

१६ जून

चार दिवस झाले. भात करपतो, वरण खारट होतं. नागू खातो आणि चांगलं झालं म्हणतो. मी त्याला मनातल्या मनात परका म्हणून पाहायचा प्रयत्न करतो. एखादं मिनिट जमतं. मग तो नाक पुसायला माझाच शर्ट धरतो.

आज पुन्हा माप घेतलं. दिवाळीपासून हे सातवं की आठवं. तो न सांगता हात बाजूला धरून उभा राहतो. आज म्हणाला, "बाबा, तुमी येवढ्या खेपा माप घेता अन् शर्ट तं एकच शिवला."

मी म्हटलं, माप जमत नाही.

"आई म्हनली जाताना, तुह्या बाबाले माप घेता येऊन नाही राह्यलं. मंग उस्तादाले इचारा ना."

राही पोराला असं काही सांगून गेली, याचा मला राग आला. पण विचार मनातून गेला नाही. उस्तादांची चूक कधी झालेली मी पाहिली नाही. ते डावा खांदा खाली म्हणाले की मग प्रश्नच मिटला. मग राहीला काय सांगायचं तेही ठरेल.

१८ जून

आज नागूला घेऊन आदिलाबादला गेलो. उस्तादांचं दुकान कापसाच्या बाजाराच्या मागं, जिथं होतं तिथंच. सत्तरी ओलांडली, डोळे कमी झालेत, पण टेप हातात घेतला की बोटं तीच. मी सांगितलं, शाळेचा शर्ट कापायचाय, याचा खांदा जुळत नाही, तुम्ही एकदा बघा. बाकी काही सांगितलं नाही.

उस्तादांनी नागूला उभा करून माप घेतलं. "हौ, आधा इंच नीचे है," म्हणाले. हेच ऐकायला आलो होतो, तरी ऐकायला नको होतं.

मग त्यांनी कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला केलं. "लेट जा रे छोटे." नागू टेबलावर उताणा झोपला, त्याला गंमत वाटत होती. उस्तादांनी त्याचे पाय जुळवले, कंबर सरळ केली आणि पुन्हा टेप लावला. डावीकडून, मग उजवीकडून. मला जवळ बोलावून टेप दाखवला. दोन्ही बाजूंना आकडा एकच होता. एका दोऱ्याचाही फरक नव्हता.

"हड्डी सीधी है," उस्ताद म्हणाले. "कंधा पैदाइशी नहीं है. खड़े रहने की आदत है बच्चे की." मग माझ्याकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले. "तू आ इधर."

मी म्हटलं, माझं माप आहे, तुम्हीच लग्नात दिलेल्या शर्टावरून कापतो. त्यावर त्यांनी मला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या जुन्या शर्टावरून कापतोस आणि स्वतःला टेलर म्हणवतोस, असं म्हणत त्यांनी मला पोरासारखा धरून उभा केला.

माझा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे.

"मशीन पे झुक झुक के, गठ्ठा उठा उठा के ऐसाच होता. मेरा भी है," ते म्हणाले. "और ये तेरे बाजू में बैठता होगा. बच्चा बाप को देख के खड़ा रहना सीखता. तेरा पौन, इसका आधा. अभी छोटा है ना." एवढं बोलून हसले आणि नागूला खिशातून बडीशेप दिली. त्यांना या गोष्टीतलं काहीही माहीत नाही.

मी बाकावर बसलो. गावातले अकरा खांदे मी धरले होते. बारावा धरलाच नव्हता, कारण तो वहीत नव्हता. सगळ्या स्टँडला जे दिसत होतं, चहावाल्याला, भाजीवालीला, ते मला एकट्यालाच दिसत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की उस्तादांच्या पाया पडताना वर बघवेना. बाजारातून स्टँडपर्यंत नागू माझ्या डाव्या हाताला धरून चालत होता. कापडाच्या दुकानाच्या काचेत आम्ही दोघं दिसलो. मी नीट पाहिलं. चहावाला खोटं बोलला नव्हता.

१९ जून

आठ दिवस पुरे व्हायची वाट पाहिली नाही. सकाळच्या बसनं पैनगंगा ओलांडून राहीच्या भावाच्या गावी गेलो. ती अंगणात ज्वारी निवडत होती. नागू धावत जाऊन तिच्या मांडीत शिरला. मी उभाच राहिलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "राही, माझा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे."

तिनं सूप खाली ठेवलं.

"मले काय सांगता," ती म्हणाली. "दहा वर्षं झाले, मी कॉलर वढून राह्यले तुमची. इकडून वढली का तिकडून घसरते. आता ह्याची बी वढा लागते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कवा? तुमी तं साऱ्या गावाचे खांदे मापून राह्यले होते."

मी तिथंच ज्वारीच्या ढिगाशेजारी बसलो आणि चुकलं म्हणालो. मास्तरच्या बाबतीत चुकलं, तिला विचारलं ते तर फारच चुकलं. बरीच ज्वारी निवडून झाल्यावर तिनं सांगितलं की या वेळी येते, पण असा प्रश्न पुन्हा तोंडातून आला तर कायमची जाईन. ती तसं करेल हे मला माहीत आहे.

तो नागपूरचा माणूस कोण होता, ते मला आजही माहीत नाही. संशय पार गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल, माझा स्वभाव एका दिवसात जायचा नाही. कोणी होता तो, आला आणि गेला. माझ्या मशीनशेजारी बसून चिंध्या कापायला तो काही थांबला नाही.

२१ जून

काल बसून नागूचा शाळेचा शर्ट कापला. भराव घातला नाही. त्याचं माप वहीत पुढून लिहिलं, त्याखाली उस्तादांनी घेतलेलं माझंही लिहिलं. पुढून येणारी मापं आणि मागून येणारं हे लिहिणं, मधे आता एकच कोरं पान उरलंय.

सकाळी नागूला घेऊन शाळेत गेलो. मास्तर वर्गाबाहेर टेबल टाकून दाखले घेत होता. मला बघून त्यानं मान खाली घातली. मी त्याचा भेटीचा शर्ट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मास्तर, हा घाल. माझ्यावरचा राग जाईपर्यंत नको घालू, पण घाल."

त्यानं रजिस्टर उघडून नागूचं पान काढलं. मी मनाची तयारी केली की आता तो विचारेल, वडिलांचं नाव? त्यानं विचारलं नाही. तिथं आधीच लिहिलेलं होतं. मागच्या वर्षीच्या जूनची तारीख, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, सगळं त्याच्या सुबक अक्षरात, पेन्सिलीनं. वर्षभर त्यानं ते पान आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. आता पेन काढून त्यानं जुनी तारीख खोडली आणि माझं नाव शाईनं गिरवायला घेतलं. प्रत्येक अक्षर सावकाश, कुठं बाहेर जाऊ न देता.

मी रुमाल काढला. मास्तरनं एकदा वर पाहिलं, पेन ठेवलं आणि जायला उठला.

माझ्या डोळ्यात कचरा वगैरे काही गेलेलं नव्हतं. तेव्हाही गेलेलं नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "बस. कुठं जाऊ नको."